जिथे इमारत फुटपाथला भेटते : व्यापारी संकुलांच्या रचनानियमांविषयी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून फ्लोरा फाउंटनकडे दादाभाई नौरोजी रोडने निघालेला माणूस भर जुलैतही बराचसा रस्ता छत्री मिटून चालतो. डोक्यावर इमारतींचे वरचे मजले, एका हाताला दुकानांच्या काचा, दुसऱ्या हाताला दगडी खांब आणि खांबांपलीकडे कोसळणारा पाऊस. एका इमारतीची कमान टोकदार गॉथिक, शेजारची अर्धगोल, त्यापुढची घुमट-छत्र्या मिरवणाऱ्या इमारतीची. मालक वेगळे, वास्तुविशारद वेगळे, बांधकामाची वर्षं वेगळी. तरी वाट तुटत नाही. याचं कारण १८९६ सालच्या एका पोटनियमात आहे. तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर बांधायचं असेल, तर तळमजल्याला कमानींचा आच्छादित पदपथ ठेवलाच पाहिजे, असं त्या नियमाने ठरवून टाकलं. कमानीखालची जमीन मालकाची राहिली, वाट सगळ्यांची झाली.

व्यापारी संकुलांचे वास्तुरचनेचे आणि भूदृश्यरचनेचे नियम कसे लिहावेत, या विषयावरच्या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम या रस्त्यापासून करते आहे. रचनानियम म्हटले की आपल्या मनात पहिल्यांदा येतात ते दर्शनी भागाचे रंग, काचेची छटा, नावाच्या पाट्यांची अक्षरं. संकुल उभारणाऱ्यांच्या बैठकांत चर्चाही त्याचीच होते, कारण ते चित्रात दिसतं. माझं म्हणणं असं की, नियमांचा सगळा कस इमारतीच्या खालच्या एका मजल्यावर आणि तिच्यासमोरच्या पाच-सहा मीटरच्या पट्टीवर लागतो. या पट्टीबद्दल नियम कडक असावेत, मोजता येतील असे असावेत आणि त्यांत सवलत नसावी. त्यावरच्या मजल्यांबाबत बरीच मोकळीक दिली तरी शहराचं फारसं बिघडत नाही.

मिश्र वापर ही कल्पना आपल्याकडे नव्याने आलेली नाही. पुण्याच्या पेठांत रस्त्याकडे दुकानं आणि आत-वर नांदती घरं असलेले वाडे होते. गिरगावातल्या चाळींना खाली गाळे आणि वर बिऱ्हाडं होती. दुकानाचा ओटा ही तिथली खरी सार्वजनिक जागा. तिथे गिऱ्हाईक टेकायचं, पेपर वाचला जायचा, पावसात अडकलेला वाटसरू थांबायचा. आजच्या संकुलात कार्यालयं, दुकानं, हॉटेलं, घरं आणि नाट्यगृह एकाच आवारात येतात, पण त्यांना जोडणारा ओटा नकाशात सापडत नाही. वेगवेगळे वापर एका प्लॉटवर रचून ठेवले म्हणजे मिश्र वापर होत नाही. सकाळी नऊला कार्यालयात आलेला माणूस, दुपारी खरेदीला आलेली बाई आणि रात्री घरी परतणारं कुटुंब यांच्या वाटा कुठेतरी एकमेकींना छेदल्या पाहिजेत. ती जागा कुठे आणि केवढी, हे नियमाने आधी ठरवावं लागतं.

मुंबईने हे आणखी दोनदा फार चांगलं केलं. १८६२पासून किल्ल्याचे तट पाडायला सुरुवात झाली आणि त्याच दशकात जुन्या बॉम्बे ग्रीनच्या मैदानावर एल्फिन्स्टन सर्कल आकाराला आलं. आज आपण त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतो. मधे गोल बाग, भोवती एकाच धाटणीच्या, कमानींच्या पदपथाने जोडलेल्या इमारती. एकेका इमारतीत पाहण्यासारखं फार नाही. सगळा परिणाम त्यांनी मिळून धरलेल्या वर्तुळाचा आहे.

दुसरं उदाहरण बॅलार्ड इस्टेटचं. माझ्या मते आजही भारतातल्या कुठल्याही व्यापारी संकुलाने अभ्यासावं असं ते आहे. बॉम्बे पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदी खणली, त्यातून निघालेल्या मातीच्या भरावावर सुमारे २२ एकर जमीन तयार झाली आणि १९०८ ते १९१४च्या दरम्यान तिथे कार्यालयांची वसाहत उभी राहिली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, ज्यांनी पुढे गेटवे ऑफ इंडिया घडवलं. प्लॉट वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले, पण इमारतींची उंची, दर्शनी भागाची शैली आणि रस्त्याची रेषा यांवर विटेट यांचा अंकुश राहिला. तिथल्या एखाद्या चौकात उभं राहून वर पाहावं. पहिल्या इमारतीची कॉर्निस, म्हणजे छताखालची पुढे आलेली दगडी पट्टी, जिथे संपते तिथून नजर थेट समोरच्या इमारतीच्या पट्टीवर जाते. मग खाली पाहावं. जोतं सरळ फुटपाथपाशी येऊन थांबतं. मधे कुंपण नाही, खंदकासारखी मोकळी पट्टी नाही. दरवाजे रस्त्यावर उघडतात. कोपऱ्यावरच्या इमारतींनी आपला कोपरा थोडा छाटून घेतला आहे, त्यामुळे वळणावर समोरून येणारा माणूस दिसतो आणि चौक मोठा वाटतो. रस्त्यांवर झाडांची सावली आहे. १९२३पासून चालत आलेलं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल याच वसाहतीत आहे. जहाज कंपन्यांचे कारकून आणि वकील जेवायला चालत जायचे ते अशा जागी, आणि आजही लोक चालतच जातात.

शंभर वर्षांत या इमारतींतल्या कंपन्या बदलल्या, गोदीचं काम बदललं, बॅलार्ड पियरचं रेल्वे स्टेशन कधीच बंद झालं. रस्ता मात्र टिकला. रचनानियमांची परीक्षा मी अशीच घेते : मालक आणि धंदा बदलल्यावर जागा चालते का?

आता वांद्रे-कुर्ला संकुलाकडे येऊ. १९७७मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे या सुमारे ३७० हेक्टर क्षेत्राच्या विशेष नियोजनाची जबाबदारी आली. दक्षिण मुंबईवरचा कार्यालयांचा भार हलका करायचा हा हेतू योग्य होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, हिरे बाजार, बँकांची मुख्यालयं, परदेशी वाणिज्य दूतावास तिथे आले. रस्ते रुंद आहेत, प्लॉट मोठे आहेत, एकेक इमारत पाहिली तर काही उत्तम आहेत. आणि तरीही दुपारी एक वाजता एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जेवायला चालत जाणं हे तिथे कष्टाचं काम आहे. फाटक, सुरक्षा चौकी, गाड्यांचा उतार, कुंपण. मग पुन्हा कुंपण, उतार, चौकी, फाटक. शंभर-दीडशे मीटर भिंतीकडेने चालावं लागतं आणि त्या भिंतीला ना दार, ना सावली, ना टेकायला जागा. सायकलींसाठी मार्ग आखला गेला, पण तो रोजच्या वापरात रुजला नाही. वांद्रे आणि कुर्ला ही दोन्ही नावं स्टेशनांची, पण स्टेशनातून उतरलेली गर्दी शेअर रिक्षासाठी रांग लावते. ऑक्टोबर २०२४मध्ये मेट्रो ३ तिथपर्यंत पोहोचली. जमिनीखालून आलेला माणूस जिन्याने वर आल्यावर मात्र त्याच भिंतीपाशी उभा राहतो.

हे कुणाच्या बेफिकिरीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. दोष आपल्या नियमांच्या घडणीत आहे. विकास नियंत्रण नियमावली प्रामुख्याने किती बांधायचं हे सांगते : चटई क्षेत्र निर्देशांक, उंची, गाड्यांची संख्या. आणि प्रत्येक इमारतीच्या चारही बाजूंनी सामासिक अंतर सोडायला लावते. उजेड, वारा आणि अग्निशमन दलाची गाडी यांसाठी ते हवंच, याबद्दल वाद नाही. पण समोरच्या बाजूचं अंतरही त्याच हिशेबात धरलं की इमारत रस्त्यापासून मागे सरकते, मधली पट्टी मालकाच्या ताब्यात राहते, तिथे गाड्या लागतात आणि गाड्यांच्या रक्षणासाठी भिंत येते. दादाभाई नौरोजी रोडची, म्हणजे डी. एन. रोडची, कमान आजच्या साच्यात सहजासहजी बसणार नाही. म्हणून संकुलाचे स्वतंत्र रचनानियम लागतात. समोरची रेषा कुठवर आणायची, तळमजल्याचा किती हिस्सा दुकानांना किंवा प्रवेशांना द्यायचा, दर किती मीटरवर दार हवं, कुंपण कुठे चालणार नाही, हे त्यांत लिहावं लागतं. चंदीगडच्या सेक्टर १७मध्ये दुकानांपुढच्या व्हरांड्यांची मापं आणि इमारतींचा सांगाडा नियमानेच बांधून दिला होता. तिथे माणसं आजही व्हरांड्यातून चालतात.

फुटपाथबाबत तर नवं काही शोधायचीही गरज नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत अडथळामुक्त चालण्याची किमान रुंदी १.८ मीटर दिली आहे आणि व्यापारी भागात ती याहून जास्त असावी असंही म्हटलं आहे. अडथळामुक्त हा शब्द मात्र अक्षरशः घ्यायला हवा. विजेची पेटी, जाहिरातीचा खांब, झाडाचं आळं आणि गाडीचा उतार वजा करून उरते ती रुंदी. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या दृष्टीने एका फाटकापाशी खाली उतरलेला फुटपाथ म्हणजे संपलेला फुटपाथ. वाहनांच्या प्रवेशापाशी गाडीने चढून यावं आणि चालणाऱ्याची पातळी तीच राहावी, एवढा एक नियम पाळला तरी संकुलाची रीत बदलते.

पाण्याविषयी या पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण आहे. ते तसंच असायला हवं होतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एक हेक्टर जागा पूर्ण फरसबंद केली आणि तिच्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी त्या तासात बाहेर ढकललं जातं. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने ते माप दुप्पट करायचं ठरवलं. भरतीच्या वेळी समुद्राकडची तोंडं बंद होतात, तेव्हा तेही पुरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीने आपली जुनी जागा परत घेतली. वांद्रे-कुर्ला संकुल त्याच नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवर, तिवरांच्या पट्ट्यात भराव घालून उभं आहे. डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने त्या पुराची कारणं तपासून २००६मध्ये अहवाल दिला. नदीकाठी बांधणाऱ्या प्रत्येक वास्तुविशारदाने तो वाचावा. संकुलाच्या नियमांत याचा अर्थ सरळ आहे : प्लॉटवर पडलेलं पाणी काही तास प्लॉटवरच थांबलं पाहिजे. खोलगट हिरवळी, रस्त्याकडेच्या पाणी मुरवणाऱ्या चरी, टाक्या, जिथे जमीन मुरवते तिथे शोषखड्डे. भरावाच्या आणि भरतीच्या जमिनीत मुरण्याला मर्यादा असते, तिथे साठवणच करावी लागते. नियम लिहिणाऱ्याने आधी जमीन खणून पाहावी. पुण्याच्या काळ्या पाषाणाचा नियम वांद्र्याच्या चिखलाला लावू नये.

पाण्याचा आणि झाडांचा प्रश्न एकाच जागी येऊन भिडतो, आणि ती जागा म्हणजे तळघर. गाड्यांसाठी दोन-तीन मजली तळघर प्लॉटच्या हद्दीपर्यंत खणलं की वर खरी जमीन उरतच नाही. काँक्रीटच्या छतावर हातभर माती टाकून जी बाग होते, तिच्यात हिरवळ आणि शोभेची झुडपं जगतात. वड, करंज किंवा ताम्हण तिथे वाढत नाही. मध्यम आकाराच्या सावलीच्या झाडालाही सव्वा ते दीड मीटर खोल माती आणि मुळं पसरायला आडवी जागा लागते. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की, किमान बंधनकारक मनोरंजन मैदान जमिनीवरच हवं, पोडियमवरच्या, म्हणजे इमारतीच्या उंचावलेल्या चौथऱ्याच्या छतावरच्या, बागेने ते भरून निघत नाही. त्यानंतरही पोडियमवरची हिरवळ हिशेबात धरण्याची ओढ सुटलेली नाही. या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम एका ओळीचा आहे : रस्त्याकडच्या बाजूला प्लॉटच्या कडेने किमान एक पट्टी तळघरमुक्त ठेवावी, आणि संकुलातल्या मोठ्या झाडांची रांग त्याच पट्टीत लावावी. ही पट्टी सोडली की पाणी मुरतं, झाड पन्नास वर्षं जगतं आणि फुटपाथवर सावली पडते. ती न सोडल्याचं नुकसान नंतर कितीही खर्चाने भरून निघत नाही.

झाडांच्या निवडीबाबत मी थोडी आग्रही आहे. प्रवेशद्वारापाशी रॉयल पामच्या दोन रांगा लावायची पद्धत पडून गेली आहे. ते झाड कॅरिबियन बेटांकडचं, उंच आणि देखणं, पण एप्रिलच्या उन्हात त्याच्या सावलीत एक माणूसही मावत नाही. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. त्यांनी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांना भरपूर सावली दिली, त्यांच्याविषयी माझा राग नाही. तरी एकाच जातीवर भिस्त ठेवण्याचे परिणाम मुंबईने पाहिले आहेत : कीड पडली आणि रेन ट्री रांगेने वाळले. समुद्राजवळच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी, भेंड, करंज टिकतात. ओलसर जागी समुद्रफळ. बसायच्या चौकात बकुळ. रंगासाठी ताम्हण, जे राज्याचं फूल आहे. या झाडांवर पक्षी आणि फुलपाखरं येतात, त्यांना उन्हाळ्यात टँकरचं पाणी लागत नाही. बुंध्याभोवती सिमेंट ओतायचं नाही, हे वेगळं लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लिहावं लागतं.

उन्हाविषयी थोडक्यात. मुंबईत दक्षिणेचं ऊन बरंच वरून येतं, त्याला आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर जवळजवळ आडवं येतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, खोल व्हरांडा किंवा झाडं लागतात. चारही बाजूंना एकसारखी काच लावलेली इमारत चारपैकी किमान एका बाजूला चुकलेली असते. चार्ल्स कोरिया यांनी १९८३मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत पश्चिमेचा वारा आणि समुद्र घेतला, पण ऊन-पाऊस दोन मजली उंचीच्या खोल व्हरांड्यांनी अडवला. ती घरांची इमारत आहे. धडा कार्यालयांनाही लागू पडतो.

पाट्यांचं काम सोपं आहे. डी. एन. रोडवरच्या दुकानदारांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्यासोबत कमानी झाकणाऱ्या पाट्या उतरवून त्या कमानीच्या पोकळीत बसवल्या, आणि धंदा बुडाला नाही. २००४मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या कामाची दखल घेतली गेली.

संकुलात ज्यांच्या नावाची पाटी कधीच लागत नाही, त्यांच्यासाठीही नियम हवेत. सुरक्षा रक्षक बारा तास उभा असतो. सफाई कामगार बाई जेवायला जिन्याखाली बसते. डिलिव्हरीचा मुलगा फोन हातात धरून उन्हात थांबतो. डबेवाला लाकडी खोके फुटपाथवर उतरवून, डब्यांवरच्या खुणा पाहून दहा मिनिटांत त्यांची वाटणी करतो आणि त्या दहा मिनिटांसाठी त्याला तीन-चार मीटर सपाट, सावलीची जागा लागते. चहा-वडापावची गाडी संकुलाच्या फाटकाबाहेर येणारच, कारण आतल्या निम्म्या लोकांना आतल्या हॉटेलांचे दर परवडत नाहीत. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४पासून आहे. त्यांची जागा, पाण्याचा नळ, कचऱ्याचा डबा आणि सार्वजनिक स्वच्छतागृह आराखड्यात पहिल्या दिवसापासून दाखवावं. बसण्याबाबत शिवाजी पार्कचा कट्टा हे आपल्या डोळ्यांसमोरचं प्रमाण आहे. मैदानाची हद्द दाखवणारी ठेंगणी भिंत, एवढंच तिचं बांधकाम, आणि तीन पिढ्यांची संध्याकाळ तिच्यावर गेली. संकुलाला हद्द दाखवायचीच असेल, तर ती ४५ सेंटिमीटर उंचीची, बसता येईल अशी दाखवावी. तिच्यावर लोखंडी टोकं ठोकू नयेत.

महाराष्ट्रात हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी पुण्यातल्या मगरपट्ट्याकडे पाहावं. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि घरं, कार्यालयं, शाळा, बाजार, बागा एका आराखड्यात बसवल्या. त्याही वसाहतीला फाटकं आहेत आणि तिच्यावर टीका करता येईल. पण जमिनीचा मालकच दीर्घकाळ सोबत राहिला की देखभालीचा नियम कागदावर राहत नाही, हे तिथे दिसतं.

देखभालीचा उल्लेख आला, म्हणून नियमांच्या भाषेविषयी. ‘परिसराला साजेसं’, ‘सौंदर्यपूर्ण’, ‘सुसंवादी’ असे शब्द या पुस्तकात सापडणार नाहीत. या शब्दांवर परवानगी देणारा अधिकारी आणि परवानगी मागणारा वास्तुविशारद यांचं एकमत कधीच होत नाही, आणि शेवटी ज्याची पोच जास्त त्याचं चालतं. इथे प्रत्येक नियम मोजता येईल असा आहे, तो बंधनकारक की शिफारस हे सांगितलं आहे, आणि त्यापुढे त्याचं कारण दिलं आहे. कारण माहीत असलं की तरुण वास्तुविशारद नियमाहून चांगला उपाय शोधतो; माहीत नसलं की तो पळवाट शोधतो.

पुस्तक वास्तुविशारद आणि विकसकांसाठी आहेच, पण माझी विनंती नगरपालिकांतल्या अभियंत्यांना आणि नगरसेवकांना आहे. राज्याच्या बहुतेक शहरांना २०२०पासून एकत्रित नियमावली लागू झाली आहे, आणि लातूरपासून कोल्हापूरपर्यंत बस स्थानकांच्या आणि बंद गिरण्यांच्या जागांवर संकुलांचे प्रस्ताव येत राहतील. तुमच्या टेबलावर असा प्रस्ताव आला, तर रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि तळमजल्याचा नकाशा मागा : त्यात फुटपाथ, दारं, तळघराची रेषा, पाण्याचा उतार आणि प्रत्येक झाडाची जागा मापासकट दाखवलेली असू द्या. तो नकाशा हाती येईपर्यंत सही करू नका.